साल्मोनेला हे नाव कोणावरून पडले? डॉ. डॅनियल साल्मन
अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला जीवाणूच्या नावाचा साल्मन माशाशी संबंध नाही. ते डॉ. डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्यांवरून पडले. १८५० मध्ये न्यू जर्सीत जन्मलेले साल्मन १८७६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पशुवैद्यकातील डॉक्टर झाले. अमेरिकेत ही पदवी मिळवणारे ते पहिलेच.

१८८४ मध्ये ते सरकारच्या पशुउद्योग विभागाचे पहिले प्रमुख झाले. पुढच्या वर्षी त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांना आजारी डुकरांत एक जीवाणू सापडला. डुकरांचा ‘हॉग कॉलरा’ त्यानेच होतो, असे तेव्हा मानले गेले. पुढे त्या रोगाचे कारण विषाणू निघाले. तरीही हा जीवाणू निरुपद्रवी नव्हता. दूषित मांसातून तो माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचू शकतो. १९०० मध्ये या गटाला साल्मन यांचे नाव मिळाले. त्यांच्याच कारकिर्दीत सरकारी मांसतपासणी सुरू झाली. १९१४ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

तपासलेले मांसही घरी नीट शिजवावेच लागते. कच्चे मांस किंवा अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. जुलाबांसोबत खूप ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.