तोरू दत्त हिचे फ्रेंच अध्ययन

भारतीय इंग्रजी काव्याच्या इतिहासात तोरू दत्त (१८५६–१८७७) हिची नोंद बहुधा अकाली विझलेली प्रतिभा म्हणून होते. अवघ्या एकवीस वर्षांच्या आयुष्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु या करुणरम्य प्रतिमेआड तिच्यातील चिकाटीची अभ्यासक झाकली जाते. तिच्या वाङ्मयीन जडणघडणीत फ्रेंचच्या अध्ययनाचे स्थान मध्यवर्ती होते आणि भारतीय पुराणकथांकडे ती वळली त्याची पूर्वतयारीही बऱ्याच अंशी याच अध्ययनात झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

४ मार्च १८५६ रोजी कलकत्त्यातील रामबागानच्या दत्त घराण्यात तिचा जन्म झाला. वडील गोविनचंद्र स्वतः कवी होते. १८६२ मध्ये या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८६५ मध्ये एकुलता मुलगा अब्जू दगावला. पुढे १८६९ मध्ये गोविनचंद्र पत्नी आणि अरू व तोरू या दोन्ही मुलींसह युरोपला निघाले. फ्रान्समधील नीस येथे काही महिने या बहिणी निवासी शाळेत जात होत्या. आयुष्यात त्यांनी पाहिलेली शाळा एवढीच. फ्रेंचचा पाया येथे घातला गेला. १८७० मध्ये कुटुंब लंडनला आले. त्याच वर्षी फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि फ्रान्सच्या पराभवाने ही पंधरा वर्षांची मुलगी व्यथित झाली. भाषेवरील प्रेम त्या देशावरील निष्ठेत रूपांतरित झाले होते.

१८७१ ते १८७३ या काळातील केंब्रिजच्या वास्तव्याचा उल्लेख चरित्रपर लेखनात वारंवार येतो. परंतु त्याचे नेमके स्वरूप क्वचितच स्पष्ट केले जाते. तोरू आणि अरू ज्या वर्गांना जात, ती स्त्रियांसाठी नव्याने सुरू झालेली उच्च व्याख्याने होती. हेन्री सिज्विक यांच्या पुढाकाराने १८७० च्या सुमारास आरंभलेल्या या उपक्रमातूनच पुढे न्यूनम महाविद्यालय उभे राहिले. व्याख्यानांना बसण्याची मुभा होती, पदवीचा हक्क नव्हता. तो केंब्रिजने स्त्रियांना १९४८ मध्ये दिला. शिवाय आधुनिक भाषांची ट्रायपॉस परीक्षाच मुळी १८८० नंतरची. म्हणजे तोरू तेथे होती तेव्हा फ्रेंच हा विषय घेऊन पुरुषासही केंब्रिजची पदवी मिळाली नसती. पदवीच्या मोहाविना झालेले हे अध्ययन पुढेही खंडित झाले नाही, याचे श्रेय विद्यापीठापेक्षा तिच्या स्वभावास अधिक द्यावे लागेल. याच वर्गांच्या काळात मेरी मार्टिन हिच्याशी तिचा स्नेह जुळला. मायदेशी परतल्यावर तोरूने तिला लिहिलेली पत्रे आज तिच्या चरित्राचे प्रमुख साधन आहेत.

१८७३ मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले आणि जुलै १८७४ मध्ये अरू क्षयाने गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'बेंगॉल मॅगझीन'मध्ये तोरूचा पहिला समीक्षालेख प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता लकोंत द लील. ही निवड अभ्यासकांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही. वैदिक व पौराणिक विषयांवर फ्रेंचमध्ये कविता रचणारा हा कवी तिने संस्कृत शिकण्यापूर्वीच वाचला होता. वडिलांसमवेत तिने संस्कृतचा अभ्यास आरंभला तो त्यानंतर; प्रकृतीमुळे तो जेमतेम वर्षभर चालला. तेवढ्यात विष्णुपुराणातील ध्रुवाच्या कथेचे तिने इंग्रजी पद्यात रूपांतर केले. तिचा हा प्रवास सामान्यतः पाश्चात्त्य संस्कारांकडून स्वदेशाकडे परतणे म्हणून वर्णिला जातो. वस्तुतः तो एकाच वाटेवरचा पुढचा टप्पा होता.

१८७६ मध्ये भवानीपूरच्या सप्ताहिक संवाद छापखान्यातून 'अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स' हा दीडशेहून अधिक फ्रेंच कवितांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यातील आठ अनुवाद अरूचे होते. पुस्तकास प्रस्तावना नव्हती, कागदही सुमार होता. तरीही इंग्लंडात एडमंड गॉस आणि फ्रान्समध्ये आंद्रे त्युरिये यांनी त्याची दखल घेतली. अनुवाद सर्वत्र सरस नाहीत. काही ठिकाणी वृत्तासाठी शब्द ओढले आहेत. मात्र अखेरीस जोडलेल्या टिपा वाचाव्यात. कवींची तुलना करताना, पूर्वीच्या अनुवादांचे गुणदोष सांगताना ही विशीतली मुलगी कोठेही बिचकत नाही. अध्ययनाचा खरा पुरावा मूळ अनुवादांहून या टिपांत अधिक आढळतो.

जानेवारी १८७७ मध्ये तिने पॅरिसच्या क्लारिस बादेर या विदुषीस पत्र लिहून प्राचीन भारतातील स्त्रीविषयक तिच्या फ्रेंच ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाची अनुमती मागितली. अनुमती तत्काळ मिळाली, पत्रमैत्रीही झाली. आपल्याच देशातील सीता-सावित्रींवरील फ्रेंच ग्रंथ एका बंगाली मुलीने इंग्रजीत आणावयाचा, असा तो संकल्प होता. परंतु क्षयाने तिलाही गाठले होते. ३० ऑगस्ट १८७७ रोजी तिचे निधन झाले आणि तो अनुवाद राहिला. पुढील वर्षी कलकत्ता विद्यापीठाने स्त्रियांना आपल्या परीक्षांना बसू दिले.

तिच्या कागदपत्रांत वडिलांना एका फ्रेंच कादंबरीचे हस्तलिखित सापडले. मार्गरीत दार्व्हेर नावाच्या ब्रिटनी प्रांतातील तरुणीची ती रोजनिशी आहे. कादंबरीतील पात्रे व परिसर सर्वस्वी फ्रेंच आहेत. तिच्यासाठी चित्रे अरूने काढावयाची असे बहिणींचे ठरले होते. १८७९ मध्ये पॅरिसच्या दिदिए प्रकाशनाने ती चित्रांविनाच छापली. प्रस्तावना लिहिली क्लारिस बादेर हिने. तिची आणि लेखिकेची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती.