फियाटच्या साध्या गाड्यांना ‘विंचू’ करणारा कार्लो अबार्थ

रस्त्यावर एखादी छोटी हॅचबॅक सुसाट निघून गेली आणि तिच्या बॉनेटवर विंचू दिसला, तर समजायचं की ती अबार्थ आहे. हा विंचू आला एका माणसाच्या राशीतून. कार्ल अबार्थचा जन्म 15 नोव्हेंबर 1908 चा, व्हिएन्नाचा. रास वृश्चिक. पुढे इटलीत स्थायिक झाल्यावर कार्लचा कार्लो झाला.

गडी मुळात मोटारसायकल रेसर. 1934 मध्ये तर त्याने साइडकार लावलेल्या बाईकवरून थेट ओरिएंट एक्स्प्रेस या रेल्वेशी शर्यत लावली. व्हिएन्ना ते बेल्जियममधलं ऑस्टेंड, अंतर साधारण 1300 किलोमीटर. पहिल्या खेपेला हरला, दुसऱ्या खेपेला ट्रेनला मागे टाकलं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युगोस्लाव्हियात मोठा अपघात झाला आणि त्याचं रेसिंग तिथेच थांबलं.

युद्धानंतर त्याने इटलीच्या चिसितालिया या रेसिंग कंपनीत काम धरलं. तीही बुडाली. मग 31 मार्च 1949 ला त्याने स्वतःची कंपनी काढली. सुरुवात बोलोन्यात, नंतर मुक्काम फियाटच्या गावी, तोरिनोला. रेसिंगवर घर चालत नाही हे त्याला कळून चुकलं होतं, म्हणून खरी कमाई होती सायलेन्सर विकण्यातून. हो, गाडीच्या मागे लावतात तेच. अबार्थचा सायलेन्सर लावला की गाडीचा आवाजच बदलायचा, आणि पोरांना तेच हवं असायचं. आजही काय वेगळं आहे म्हणा!

1955 मध्ये फियाटने 600 बाजारात आणली. 633 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 22 हॉर्सपॉवर. मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी. अबार्थने तिचं इंजिन उघडलं, सिलिंडर थोडे रुंद केले, क्रँकशाफ्ट बदलला आणि इंजिन 747 सीसीवर नेलं. पुढे 850 टीसीमध्ये 52 हॉर्सपॉवर आली. शेवटच्या रेसिंग गाड्यांनी तर याच छोट्या बॉडीत शंभरी ओलांडली.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ताकदवान इंजिन बसवलं म्हणजे काम झालं असं नसतं. 22 हॉर्सपॉवरसाठी केलेले ब्रेक आणि गिअरबॉक्स त्या ताकदीपुढे टिकत नाहीत. शिवाय इंजिन तापतं. फियाट 600 चं इंजिन मागे होतं. म्हणून रेसिंगच्या अबार्थमध्ये रेडिएटर पुढे, बंपरपाशी आणला गेला आणि मागचं झाकण चक्क उघडं ठेवून गाडी पळवली जायची. बघणाऱ्याला वाटावं, झाकण लावायला विसरले की काय! पण त्याने इंजिनला हवा मिळायची आणि हवेचा अडथळाही कमी व्हायचा.

सर्वात टोकाचा प्रयोग मात्र फियाट 850 कूपेवर झाला. मूळ इंजिन 843 सीसीचं. अबार्थने त्या जागी स्वतःचं जवळपास 2000 सीसीचं, 185 हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. नाव दिलं ओटी 2000. अशा गाड्या फारच थोड्या बनल्या, आणि ते रेग्युलर ड्रायव्हरच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं.

फियाटलाही हे हवंच होतं. अबार्थची गाडी जिंकली की शोरूममधल्या साध्या गाडीचा भाव वधारायचा. त्यामुळे विजयांच्या बदल्यात फियाट त्याला पैसे द्यायची. 1958 मध्ये तर त्याने 13 हॉर्सपॉवरच्या फियाट 500 ला हात लावला आणि मोंझाच्या ट्रॅकवर ती सात दिवस, सात रात्री पळवली. सरासरी वेग ताशी 108 किलोमीटर, अंतर 18,000 किलोमीटरहून जास्त.

ऑक्टोबर 1965 मध्ये वेगाच्या विक्रमासाठी तो स्वतः गाडीत बसायला निघाला. वय सत्तावन्नाच्या घरात. अडचण अशी की एकसीटर रेसिंग कारच्या कॉकपिटमध्ये तो मावेना. मग पठ्ठ्याने सफरचंदं खाऊन तब्बल 30 किलो वजन उतरवलं आणि विक्रम केला.

पण रेसिंगचा खर्च काही थांबेना. फियाटचा पैसा आणि सायलेन्सरची कमाई, दोन्ही कमी पडू लागली. अखेर 1971 मध्ये त्याने कंपनी फियाटलाच विकली. ज्या कंपनीच्या गाड्यांवर नाव कमावलं, तीच आता त्याच्या नावाची मालक झाली. 24 ऑक्टोबर 1979 ला व्हिएन्नात त्याचं निधन झालं. योगायोग बघा, त्या दिवशी सूर्याने नुकताच वृश्चिकेत प्रवेश केला होता.

या विंचवाचा महाराष्ट्राशीही संबंध आला. 2015 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेल्या पुंटोमध्ये 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन बसवून तिला अबार्थ हे नाव दिलं गेलं. ताकद 145 हॉर्सपॉवर. दहा लाखांच्या आत मिळणाऱ्या हॅचबॅकमध्ये तेव्हा एवढी ताकद दुसरी कुणी देत नव्हतं. गाडी फार खपली नाही आणि काही वर्षांत बंदही झाली. ज्यांच्याकडे आहे, ते मात्र ती सहजासहजी विकत नाहीत.