न दिसणाऱ्या विषाचा माग घेणारे हाल्डेन

वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत २७ जानेवारी १८९६ रोजी स्फोट झाला आणि ५७ कामगार मृत्युमुखी पडले. खाणीतील स्फोट म्हटला की माणसे भाजून किंवा ढिगाऱ्याखाली चिरडून मेली असणार, असाच त्या काळचा समज होता. चौकशीसाठी ऑक्सफर्डहून आलेल्या पस्तीस वर्षांच्या एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाला मात्र मृतदेह पाहताना एक विसंगती दिसली. बहुतेकांची त्वचा निस्तेज होण्याऐवजी गुलाबी होती आणि रक्त लालभडक होते. स्फोटानंतर भुयारांतून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा बळी घेतला होता, असा निष्कर्ष त्याने काढला. त्या शास्त्रज्ञाचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरो येथे झाला. १८८४ मध्ये ते वैद्यकशास्त्राचे पदवीधर झाले, परंतु दवाखाना थाटण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. डंडी या गिरणगावात त्यांनी कामगारांच्या कोंदट घरांतील आणि शाळांतील हवा तपासली. पुढे ते ऑक्सफर्डला गेले, तेव्हा गटारे, रेल्वेचे बोगदे आणि खाणी याच त्यांच्या खऱ्या प्रयोगशाळा झाल्या. जेथे माणसाला वाईट हवेत श्वास घ्यावा लागतो, तेथे स्वतः उतरायचे, ही त्यांची रीत आयुष्यभर टिकली.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. तो रक्तात किती वेगाने साचतो आणि किती साचला म्हणजे माणसाचे काय होते, हे हाल्डेन यांना मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी स्वतःचीच निवड केली. ठरावीक प्रमाणात वायू मिसळलेली हवा श्वासावाटे घ्यायची, मधूनमधून स्वतःचे थोडे रक्त काढायचे आणि त्याचा रंग कारमाइनच्या लाल द्रावणाशी ताडून पाहायचा, अशी ती पद्धत होती. एका प्रयोगात त्यांच्या अर्ध्याहून अधिक हिमोग्लोबिनचा ताबा विषाने घेतला. आधाराविना चालणे त्यांना अशक्य झाले. हे निबंध १८९५ साली प्रसिद्ध झाले. चरित्रकार या प्रसंगाचे वर्णन करताना धाडसावर भर देतात. मला मात्र त्या अवस्थेतही मोजत राहण्याची त्यांची शिस्त अधिक मोलाची वाटते, कारण आजच्या सूचकयंत्रांमागील तत्त्व त्या मोजणीतच सापडते.

ते तत्त्व असे की, हवेत विष किती आहे एवढे पाहून भागत नाही. माणूस त्या हवेत किती वेळ होता, हेही पाहावे लागते. थोडे विष पुष्कळ वेळ आणि पुष्कळ विष थोडा वेळ, यांचा परिणाम सारखाच होऊ शकतो. दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही. उठून पळायची वेळ येते तेव्हा पाय लटपटतात, आणि तोवर विचारशक्तीही मंदावलेली असते. १८९७ साली आइल ऑफ मॅनवरील स्नेफेल खाणीत खाण-निरीक्षक क्लेमंट ली नीव फॉस्टर या वायूच्या तावडीत सापडले. तेथे त्यांनी आपल्या टिपणवहीत घरच्यांचा निरोप घेतला आणि तेच निरोपाचे शब्द ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. सुदैवाने ते वाचले. हाल्डेन यांना ज्ञात असलेल्या या विषाचा स्वभाव त्या पानांवर उमटला आहे. ज्याला धोका आहे त्यानेच तो ओळखावा, अशी अपेक्षा येथे करता येत नाही. इशारा बाहेरूनच यावा लागतो.

खाणीत सुरक्षादीप होते, परंतु ते येथे निरुपयोगी ठरत. मिथेन वायू असेल तर दिव्याची ज्योत बदलते. कार्बन मोनॉक्साइडच्या प्राणघातक प्रमाणातही ती शांतपणे जळत राहते. म्हणून हाल्डेन यांनी उंदीर किंवा लहान पक्षी सोबत नेण्याची शिफारस केली. लहान प्राण्याचा श्वसनाचा वेग मोठा असल्याने विष त्याच्या रक्तात माणसापेक्षा कितीतरी लवकर भिनते. त्यातही कॅनरी पक्षी सोयीचा, कारण दांडीवरून तो डळमळू लागला की अंधुक प्रकाशातही दिसतो. पक्षी कोसळताच पिंजऱ्याचे दार बंद करून ऑक्सिजनची तोटी उघडायची आणि त्याला शुद्धीवर आणायचे, असे पिंजरेही पुढे तयार झाले. मात्र कॅनरी अधिक नाजूक नसून केवळ अधिक चपळ सूचक आहे, हे हाल्डेन यांनी नेमके ओळखले होते.

आजच्या घरगुती यंत्राची घंटा याच हिशेबाने वाजते. युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे ५० भाग असतील, तर घंटा ६० ते ९० मिनिटांत वाजली पाहिजे. १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत. ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत. ३० भागांना मात्र दोन तासांपर्यंत ती वाजताच कामा नये. यंत्र उशिरा वाजले म्हणून ते सदोष ठरत नाही. कामगारांच्या खिशाला अडकवायच्या यंत्रात सहसा दोन पायऱ्या असतात, उदाहरणार्थ ३५ आणि २०० भाग. शिवाय आठ तासांची सरासरी आणि पंधरा मिनिटांची सरासरी वेगळी मोजली जाते. सारखा आवाज नको म्हणून या मर्यादा वाढवून ठेवणे म्हणजे कॅनरीचा पिंजरा झाकून ठेवणे होय. असे यंत्र स्वच्छ हवेतच सुरू करावे, नाहीतर दूषित हवेलाच ते शून्य समजण्याचा संभव असतो. चाचणीची कळ दाबल्यावर आवाज आला, तर घंटा आणि विद्युतमंडल ठीक आहे एवढेच कळते. संवेदक जिवंत आहे की नाही, हे ज्ञात प्रमाणाचा वायू सोडूनच पाहता येते. त्याचे आयुष्यही मर्यादित असते, साधारण पाच ते दहा वर्षे.

आपल्यापैकी बहुतेकांना कोळशाच्या खाणीत उतरावे लागत नाही. परंतु स्नानगृहातील गॅस गिझर आहे, आणि ग्वाल्हेरच्या थंडीत बंद खोलीत पेटवलेली सिगडीही आहे. गॅस असेल तर वास येईलच, हा समज घातक आहे. स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तो नसतो. स्वयंपाकघरातील गॅसगळती दाखवणारे यंत्रही या कामाचे नाही. तो गॅस हवेहून जड असल्याने ते यंत्र खाली बसवतात. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच जड आहे आणि सर्वत्र मिसळतो. मिथेन हलका म्हणून छताशी साठतो. हा धडा हाल्डेन यांनी आपल्या लहान मुलाला खाणीत नेऊन प्रत्यक्ष दिला होता: उभे राहून पाठांतर म्हणायला लावले, आणि मुलगा कोसळला तेव्हा जमिनीलगतची हवा त्याला श्वासास योग्य सापडली. हाच मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. ते १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

पाणबुड्यांना टप्प्याटप्प्याने वर आणण्याची १९०८ मधील तक्ते, १९११ ची पाइक्स पीक शिखरावरील मोहीम, महायुद्धातील विषारी वायूंची पाहणी, ही जॉन हाल्डेन यांची इतर कामे. त्यांतील कोणत्याही एकावर दुसऱ्या कोणाचे आयुष्य सार्थकी लागले असते. पंचाहत्तरीतही ते इराण व इराकमध्ये तेल शुद्धीकरण कारखान्यांतील कामगारांचा उष्माघात अभ्यासण्यासाठी गेले. परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. ब्रिटनच्या खाणींतील कॅनरींच्या जागी विद्युत यंत्रे आणण्याचा निर्णय १९८६ साली झाला. तेव्हा दोनशेहून अधिक पक्षी कामावर होते.