खाँसाहेबांचा सूर, सुईची निगा

सोलापूर : किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ मध्ये उत्तर भारतातील किराणा गावी झाला. मिरज त्यांची कर्मभूमी ठरली. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यातच ते राग उभा करीत. त्यांची ध्वनिमुद्रिका ऐकूनच बाल भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला. १९३७ मध्ये दक्षिणेच्या रेल्वेप्रवासात खाँसाहेबांचे निधन झाले. सूर मात्र लाखेच्या ठिसूळ तबकड्यांत उरला. ७८ फेऱ्यांच्या या तबकडीची खाच रुंद असते. तिच्यावर एलपीची सुई चालवू नये. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी. सोलापूरकरांच्या माळ्यावर अशी तबकडी असल्यास ती धूळ झटकून उभी ठेवावी. बोथट सुईने झिजलेला सूर पुन्हा मिळत नाही.