शाहू महाराजांनी घेतलेला चहा

राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतले की आम्हा कोल्हापूरकरांना वसतिगृहे, १९०२ चे आरक्षण आणि राधानगरीचे धरण आठवते. छोटा धंदा करणाऱ्यांसाठी त्यांनी काय केले, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

महाराजांचा जन्म १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी शाहूपुरीची पेठ वसवली. तिथे गुळाचा मोठा व्यापार उभा राहिला. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांना तगाई दिली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली. त्यांच्याच काळात, १९१३ मध्ये, कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी सुरू झाली. सभासदांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि गरजू सभासदाला त्यातून कर्ज द्यायचे, ही सहकाराची रीत. सावकाराशिवाय दुसरे दार लहान माणसाला त्यामुळे उघडले.

पण केवळ पैशाने धंदा चालत नाही, हे महाराज जाणून होते. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या नोकरीत होते. अस्पृश्य असून पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी भांडवल दिले. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले आणि त्याला सत्यसुधारक असे नाव दिले. भांडवल होते, मेहनत होती. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. दोष चहात नव्हता, लोकांच्या मनात होता.

तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलापुढे थांबवू लागले. ते गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्या वरिष्ठ जातीच्या मंडळींनाही घ्यायला लावत. राजाच पितो म्हटल्यावर इतरांना नाही म्हणता येईना. हळूहळू हॉटेल चालू लागले. पुढे सोडावॉटरचे यंत्र घ्यायलाही महाराजांनी मदत केली.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, गंगारामांनी आपल्या बांधवांसह नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभारले. ज्याला हात दिला, त्यानेच आठवण जपली.

आज बँका आहेत, पतसंस्था आहेत, बचतगट आहेत. आपल्यातही कोणी शिलाई मशीन घेते, कोणी खानावळ काढते, कोणी किराणा मालाचे दुकान टाकते. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक आले नाही तरी! आपण सगळेच कर्ज देऊ शकत नाही, पण गिऱ्हाईक तर होऊ शकतो ना? ओळखीचे म्हणून भाव पाडून न मागणे, उधारी थकवू नये एवढे पाहणे, हीसुद्धा मदतच आहे. या आठवड्यात आपल्यापैकी कोणाच्या दुकानाची पायरी आपण चढणार, याचा घरी बसून जरूर विचार करू या.