मेनो सायमन्स: उशिरा निघालेला पाळक

आजचा शास्त्रभाग: १ करिंथ ३:१०-१५



आजच्या भागात पौल मंडळीला इमारतीची उपमा देतो. पाया एकच, तो म्हणजे येशू ख्रिस्त. त्यावर कोणी सोनं बांधलं आणि कोणी गवत, हे शेवटी अग्नीच दाखवणार. यातलं अकरावं वचन एका माणसाने आपल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर छापायचा नेमच केला होता. ते म्हणजे मेनो सायमन्स.

मेनोनाइट हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. आपल्या शेजारच्या छत्तीसगडात, धमतरीला या मंडळ्या आजही आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर, १८९९ मध्ये तिथे अमेरिकन मेनोनाइट मिशनचं काम सुरू झालं. पण या सगळ्याची सुरुवात ज्या माणसाच्या नावाशी जोडली आहे, तो शूर म्हणून सुरुवात करत नाही. म्हणूनच मला आज त्यांच्याबद्दल लिहायचंय.

मेनोंचा जन्म १४९६ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या विट्मार्सुम या गावी झाला. १५२४ मध्ये ते कॅथलिक याजक झाले आणि शेजारच्या पिंग्युम गावात नेमले गेले. काम बेताचं, मान भरपूर. सोबतच्या याजकांबरोबर पत्ते, पिणं, गप्पा असे दिवस जायचे, हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केलंय. आणि एक गोष्ट ऐकून धक्का बसेल: तोवर त्यांनी बायबल वाचलेलंच नव्हतं. वाचलं तर आपण भरकटू, अशी त्यांना भीती वाटायची!

पहिल्याच वर्षी मिस्सा करताना त्यांच्या मनात शंका आली. हातातली भाकर आणि द्राक्षारस हे खरोखर प्रभूचं शरीर आणि रक्त होतं का? त्यांना वाटलं, हा सैतानाचा डाव असेल. पापकबुली दिली, प्रार्थना केली, तरी शंका जाईना. शेवटी त्यांनी नवा करार हातात घेतला. त्यातून जे कळलं त्याने त्यांचे उपदेश बदलले. लोक त्यांना वचन सांगणारा माणूस म्हणून ओळखू लागले. पण त्यांचं जगणं मात्र होतं तिथेच राहिलं.

मग १५३१ मध्ये बातमी आली की लेवार्डन शहरात सिके नावाच्या एका शिंप्याचा शिरच्छेद झाला. गुन्हा काय, तर मोठेपणी, स्वतः विश्वास ठेवून, पुन्हा बाप्तिस्मा घेतला. दुसरा बाप्तिस्मा ही गोष्टच मेनोंनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी शास्त्र चाळलं, तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याचा आधार शोधला, पण तो सापडेना. ल्यूथर आणि इतर सुधारकांची पुस्तकं वाचली, तर प्रत्येकाचं कारण वेगळं. मनाने कौल दिला होता.

आणि मग काय केलं त्यांनी? बढती घेतली! त्याच वर्षी ते जन्मगावी, विट्मार्सुमला, अधिक चांगल्या जागी गेले. नाव आणि फायदा यांसाठी गेलो, हे नंतर त्यांनीच लिहून ठेवलंय.

मित्रांनो, इथे मला थांबावं लागतं. कारण हे वाचताना मी स्वतःला पाहतो. गेले सात महिने मी ऑफिसमध्ये टाइमशीट भरताना, न केलेले तास केले म्हणून लिहितोय. क्लायंटला त्याचं बिल जातं. वरून सांगितलं जातं, सगळेच करतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की हे खोटं आहे. मी रविवारी मंडळीत गातो, इथे रोज मनन लिहितो आणि शुक्रवारी ते तास भरतो. नोकरी, घराचा हप्ता, आईची औषधं, कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. मेनोंकडेही होती.

आता त्यांच्या आयुष्यातली कठीण गोष्ट. त्या काळी काही अॅनाबॅप्टिस्ट लोक भडक शिकवणुकीच्या नादी लागले. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात त्यांनी तलवारीने देवाचं राज्य आणायचा घाट घातला. मेनो त्याविरुद्ध बोलत राहिले. पण एप्रिल १५३५ मध्ये विट्मार्सुमपासून जवळच, बोल्सवार्डजवळच्या ओल्डेक्लोस्टर मठात सुमारे तीनशे जणांनी असाच कब्जा केला. सैन्याने मठ घेतला आणि कितीतरी जण मारले गेले. ही लांबची माणसं नव्हती, आसपासच्या गावांतली साधी माणसं होती.

मेनोंना झोप लागेना. ही माणसं चुकली खरी, पण चुकीच्या गोष्टीसाठीही त्यांनी जीव दिला, आणि मी? मला खरं ठाऊक असून मी उबदार घरात बसलोय. त्यांना वाट दाखवणारा मेंढपाळ मीच व्हायला हवा होतो. हा दोष त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलला नाही. ते रडून देवाजवळ क्षमा मागू लागले. पुढचे सुमारे नऊ महिने त्यांनी आपल्याच पुलपिटवरून उघड उपदेश केला आणि जानेवारी १५३६ मध्ये पद, पगार, घर सगळं सोडून बाहेर पडले.

पहिली शंका आली त्याला तोवर अकरा वर्षं झाली होती.

पुढचं आयुष्य सोपं नव्हतंच. साधारण वर्षभराने काही बांधव त्यांच्याकडे आले आणि विखुरलेल्या कळपाचे वडील व्हा म्हणाले. मेनो घाबरले, पण शेवटी हो म्हणाले. ओबे फिलिप्स यांनी त्यांच्यावर हात ठेवले. शस्त्र धरायचं नाही, सूड घ्यायचा नाही, शत्रूवरही प्रेम करायचं, ही शिकवण घेऊन ते गावोगाव फिरले. पत्नी गेर्ट्रूड आणि लहान मुलं सोबत. १५४२ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना पकडून देणाऱ्याला १०० गिल्डरचं बक्षीस लावलं. त्याच्याही आधी, १५३९ मध्ये, त्यांना घरात आसरा दिला म्हणून त्यार्ड नावाच्या एका माणसाला मृत्युदंड झाला होता. बायकामुलांना सहा महिने निर्धास्त राहता येईल अशी झोपडीही कुठे मिळत नाही, असं मेनोंनी एकदा लिहिलं.

मेनोंना मी संत बनवत नाहीये. उतारवयात मंडळीतून बहिष्कृत करण्याच्या प्रश्नावर ते आधी मवाळ होते, पण कडक मताच्या पुढाऱ्यांपुढे नमले. त्यातून घरं दुभंगली, मंडळ्या फुटल्या. म्हणजे जो माणूस अकरा वर्षं थांबला, तो निघाल्यावरही पुन्हा डगमगला. पण कदाचित म्हणूनच त्यांनी स्वतःच्या धैर्याबद्दलचं नाही, तर पायाबद्दलचं वचन निवडलं. पाया मेनो नाहीत. त्यांचं गवत जळेल, जे सोनं बांधलं ते टिकेल, आणि पाया जिथल्या तिथे असेल.

शेवटची काही वर्षं त्यांना होल्स्टाइनमध्ये, व्युस्टेनफेल्डे इथे एका जमीनदाराच्या आश्रयाने मिळाली. तिथे त्यांनी पुस्तकं छापली. पाय अधू झाले होते, कुबड्या लागायच्या. पत्नी त्यांच्या आधी गेली. ३१ जानेवारी १५६१ रोजी मेनो वारले. त्यांना घराच्या बागेतच पुरलं.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षांचा उशीर देवाने माफ केला ना, मग आपणही थांबूया थोडं. मीही असंच म्हणत होतो. पण त्या मठातली माणसं परत आली नाहीत. उशिराची क्षमा मिळते, उशिराची किंमत मात्र कधीकधी दुसराच कोणीतरी भरतो. आमच्या टीममध्ये दोन महिन्यांपूर्वी एक नवीन मुलगी आली. पहिलीच नोकरी. टाइमशीट कशी भरायची हे तिने मला विचारलं, आणि मी तिला शिकवलं. हे मला मेनोंची गोष्ट वाचेपर्यंत पाप वाटलंच नव्हतं.

मॅनेजरला लिहिलेला मेल माझ्या ड्राफ्टमध्ये तीन आठवडे पडलाय. ही पोस्ट टाकल्यावर तो पाठवतोय. आधी त्या मुलीशीही बोलेन. पुढे काय होईल माहीत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.

आणि आज पाच मिनिटं शांत बसून एकच प्रश्न स्वतःला विचारा: मला खरं काय ते कधीच कळलंय, पण मी अजून निघालो नाही, अशी गोष्ट कोणती?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तूच पाया आहेस. आम्ही उशीर केला, तरी तू हललास नाहीस. आमच्या थांबण्याने ज्यांचं नुकसान झालं त्यांना सांभाळ आणि आज पहिलं पाऊल टाकायला आम्हाला बळ दे. आमेन.