कामोंइशचे चरित्र : कागद आणि काव्य

पोर्तुगीज भाषेचा महाकवी म्हणून लुईश द कामोंइश (सु. १५२४–१५८०) याचे स्थान निर्विवाद आहे, त्याच्या चरित्राबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. त्याच्या हयातीतील अस्सल कागदपत्रे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. उरलेले चरित्र सतराव्या शतकातील चरित्रकारांनी बहुतांशी त्याच्या कवितेवरून रचले आणि पुढे त्याच चरित्राच्या आधारे कवितांचे अर्थ लावले गेले. म्हणूनच त्याच्या आयुष्याचा आलेख मांडताना कागद काय सांगतात आणि काव्यातून काय गृहीत धरले गेले, हा भेद पदोपदी राखावा लागतो.

कामोंइशचा जन्म लिस्बन येथे झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कुईंब्रा या विद्यापीठनगरीच्या बाजूनेही दावा केला गेला आहे. वडील सिमांव वाझ हे बेताच्या परिस्थितीतील सरदारवर्गीय गृहस्थ, तर आईचे नाव आना द सा. भारतात जाणाऱ्यांच्या १५५० मधील यादीत कवीचे वय पंचवीस दिले होते, असे मानुएल द फारीया इ सोझा या भाष्यकाराने सतराव्या शतकात नमूद केले. जन्मवर्षाचा अंदाज मुख्यतः या नोंदीवर आधारलेला आहे. लॅटिन काव्य, पुराणकथा, इतिहास आणि खगोलविद्या यांचा त्याच्या लेखनातील व्यासंग पाहता त्याचे शिक्षण उत्तम झाले असले पाहिजे. तथापि विद्यापीठाच्या दप्तरात त्याचे नाव आढळत नाही.

तरुणपणीच्या दरबारी प्रेमप्रकरणाची आणि त्यापायी घडलेल्या हद्दपारीची कथा याच काळात बसविली जाते. त्याच्या कवितेतील नातेर्सिया या नावाची अक्षरे फिरवली की कातेरिना हे नाव तयार होते. एवढ्या धाग्यावरून चरित्रकारांनी दरबारातील कातारिना द आताइद हिला नायिका ठरविले. परंतु या नावाच्या एकाहून अधिक स्त्रिया त्या काळी होत्या, आणि अक्षरपालटाने प्रेयसीचे नाव लपविणे हा प्रबोधनकालीन काव्याचा रूढ संकेतही होता. उत्तर आफ्रिकेतील सेउता येथे सैनिक म्हणून लढताना त्याचा उजवा डोळा गेला, ही परंपरा त्या मानाने अधिक विश्वसनीय ठरते.

ठाम कागदोपत्री आधार मिळतो तो एका गुन्ह्याच्या संदर्भात. १५५२ च्या जून महिन्यात, कॉर्पस क्रिस्ती या धार्मिक उत्सवाच्या दिवशी, लिस्बनच्या रस्त्यावर झालेल्या मारामारीत कामोंइशने गोंसालु बोर्जिश या राजसेवकाला तलवारीने जखमी केले आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली. ७ मार्च १५५३ च्या राजपत्राने त्याला माफी मिळाली. जखमी व्यक्तीने तक्रार मागे घेतली होती. शिवाय आरोपी तरुण व गरीब असून त्या वर्षी राजसेवेसाठी भारतात जाणार होता, याचीही दखल घेतली गेली. त्याच महिन्यात ‘सांव बेंतु’ या जहाजाने तो निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचला. पोर्तुगीज साहित्याच्या दृष्टीने निर्णायक ठरलेला हा प्रवास एका सामान्य शिपायाची सुटकेची वाट होती.

गोवा अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून जिंकून घेतल्यास तेव्हा चार दशके लोटली होती. कामोंइशने मलबार किनाऱ्यावरील मोहिमेत भाग घेतला. तांबड्या समुद्राच्या मुखाकडील गस्ती आरमारातही तो होता. ग्वार्दाफुई भूशिराजवळच्या उजाड समुद्रात काढलेल्या दिवसांचा विषाद त्याच्या एका दीर्घ गीतात उतरला आहे. गोव्याहून धाडलेल्या एका पत्रात तेथील पोर्तुगीज समाजातील लोभ व दांभिकता यांचे त्याने कडवट चित्र रेखाटले. त्याच गोव्यात त्याचे ‘फिलोदेमु’ हे नाटक गव्हर्नर फ्रांसिश्कु बार्रेतु याच्यासमोर सादर झाले.

त्याची कविता प्रथम मुद्रित झाली तीही गोव्यातच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य राहिलेला गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधी वनस्पतींवरील आपला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. या ग्रंथाला आश्रय द्यावा, अशी व्हाइसरॉयला विनंती करणारे कामोंइशचे एक स्तोत्रवजा काव्य त्यात समाविष्ट आहे. वैद्यकाच्या ग्रंथाची शिफारस करणारा निर्धन सैनिककवी, ही त्याची गोव्यातील प्रतिमा छापील पुराव्यावर उभी आहे.

मकावमधील वास्तव्याची स्थिती तशी नाही. मृतांच्या व अनुपस्थितांच्या मालमत्तेचा अधिकारी म्हणून तो तेथे होता आणि एका गुहेत बसून महाकाव्य लिहीत असे, ही कथा दृढ झाली असली तरी १५५७ च्या सुमारास नुकत्याच वसलेल्या त्या ठाण्यात असे पद होते काय, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मेकाँग नदीच्या मुखाजवळ झालेल्या जहाजफुटीचा उल्लेख मात्र महाकाव्याच्या दहाव्या सर्गात आहे. त्यातून कवीने एका हाताने पोहत दुसऱ्या हातात हस्तलिखित उंच धरल्याचे चित्र लोकप्रिय झाले. या अपघातात दिनामेने नावाची त्याची चिनी प्रेयसी बुडाली, असेही सांगितले जाते. दिनामेने हे ग्रीक पुराणातील जलदेवतेचे नाव असून स्पॅनिश कवी गार्सिलासो याच्या गोपगीतात ते त्यापूर्वीच येऊन गेले होते, ही गोष्ट येथे दृष्टीआड करता येत नाही. विलापिकांतील शोकाची उत्कटता त्यामुळे उणावत नाही. त्या शोकाला चरित्रातील घटना मानण्याचा आधार तेवढा डळमळतो.

१५६७ च्या सुमारास परतीच्या वाटेवर तो मोझांबिकमध्ये कर्जापायी अडकला. इतिहासकार दियोगु दु कोउतु याला १५६९ मध्ये तो तेथे मित्रांच्या अन्नावर जगताना आढळला. मित्रांनीच त्याच्या परतीची सोय केली. तेथे तो महाकाव्यावर शेवटचा हात फिरवीत होता आणि ‘पार्नासु’ नावाचा स्फुट काव्यसंग्रह सिद्ध करीत होता. हा संग्रह चोरीस गेला आणि पुन्हा मिळाला नाही. १५७० मध्ये तो मायदेशी पोहोचला.

१५७२ मध्ये लिस्बन येथे ‘ऊश लुझीयादश’ हे दहा सर्गांचे आणि १,१०२ कडव्यांचे महाकाव्य प्रकाशित झाले. वास्को द गामाच्या जलप्रवासाचे हे गौरवगान असले तरी त्याचा स्वर एकेरी नाही. चौथ्या सर्गात, आरमार निघताना किनाऱ्यावरील एक वृद्ध सत्तेच्या व कीर्तीच्या हव्यासाचा धिक्कार करतो. अखेरच्या सर्गात कवी आपल्या बधिर झालेल्या राष्ट्रापुढे गाण्याचा शीण व्यक्त करतो. साम्राज्याच्या खालच्या पायरीवर सतरा वर्षे काढलेल्या माणसाचा अनुभव या स्वरामागे आहे. राजा सेबाश्तियांव याने त्याला तीन वर्षांसाठी सालीना १५,००० रैश वेतन मंजूर केले. भारतातील सेवा आणि भारताविषयीच्या ग्रंथात दाखविलेली योग्यता, ही त्याची कारणे आदेशात नोंदली आहेत. या वेतनाला पुढे मुदतवाढ मिळाली.

१५७८ मध्ये अल्कासर किबिरच्या लढाईत सेबाश्तियांव मारला गेला. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे जाण्याच्या बेतात असताना कामोंइशचा मृत्यू झाला. १० जून १५८० ही तारीख त्याचे वेतन वृद्ध आईला देण्यासंबंधीच्या सरकारी कागदांवरून ठरते. म्हणजे ज्या कवीच्या नावे आज पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन साजरा होतो, त्याची मृत्युतिथी थकलेल्या वेतनाच्या हिशेबातून हाती आली आहे. १७५५ च्या भूकंपात सांत आना चर्चची हानी झाली. तेथून १८८० मध्ये जेरोनिमुश मठात समारंभपूर्वक हलविलेले अवशेष त्याचेच आहेत, याची खात्री देता येत नाही.

अवशेषांविषयीची ही अनिश्चिती त्याच्या भावकवितेलाही लागू पडते. ‘पार्नासु’ हरवल्यामुळे त्याची स्फुट कविता १५९५ मध्ये, मरणोत्तर, इतरांच्या वह्यांतून गोळा करून छापावी लागली. पुढील संपादकांनी भर घालत नेल्याने एकोणिसाव्या शतकात त्याच्या नावावरील सुनीतांची संख्या तीनशेच्या वर गेली. फारीया इ सोझासारख्या संपादकांनी उत्तम वाटलेल्या परक्या रचनाही त्याच्या खात्यावर जमा केल्या. अशा संग्रहांतून चरित्र काढायचे आणि त्या चरित्राशी जुळते म्हणून नवी रचना त्याची ठरवायची, हे चक्र दीर्घकाळ चालले. विसाव्या शतकातील पाठचिकित्सेने ते भेदण्याचा प्रयत्न केला आणि निश्चितपणे त्याच्या म्हणता येतील अशा कवितांची संख्या बरीच घटली. कागदांतून उरणारा कामोंइश दंतकथेतील नायकाहून लहान भासतो: गुन्ह्यातून सुटलेला शिपाई, कर्जात रुतलेला प्रवासी, तुटपुंज्या वेतनाचा धनी. परंतु ‘लुझीयादश’मधील गौरव आणि उद्वेग यांचा ताण समजून घेण्यास हाच कामोंइश अधिक उपयोगी पडतो.